आस्तुरियासच्या खाणीतल्या फ्रान्सिस्कोला त्याचे सोबती काय नावानं हाक मारतील?

वर्धाकाठ
मंडळी, मदतही हवीय आणि स्पष्ट मतंही हवीत. गेलं वर्षभर एक दीर्घकथा लिहितेय. ती घडते उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियास भागात, मिएरेस नावाच्या खाणगावात, ऑक्टोबर १९३४ मधे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, त्या महिन्यात तिथल्या कोळसा खाणकामगारांनी उठाव केला. बंदुका थोड्या आणि डायनामाइट भरपूर अशी अवस्था, तरी पोलीस ठाणी ताब्यात घेतली, ओविएदो शहरात शिरले, आणि सरकारनं आफ्रिकेतून लीजन (स्पॅनिश सैन्यातलं लढाऊ दल) आणि मोरोक्कन तुकड्या आणून दोन आठवड्यांत सगळं मोडून काढलं. माझे वडील चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही.

माझा नायक फ्रान्सिस्को, वय ३९, सुरुंग लावणारा, चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. कमी बोलणारा पण सगळे त्याला वचकून असतात. मी त्याला टोपणनाव दिलंय "एल लोबो", म्हणजे लांडगा. पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली की नाव पोस्टरवरचं वाटतं, गल्लीतलं वाटत नाही. तेव्हापासून ते टोचतंय. त्याच्या मुलीचं नाव ग्वादालुपे आहे, घरी "लुपिता". ही दोन्ही नावं ठेवावीत का बदलावीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रोखठोक
ठेवा की! मी तर म्हणेन अजिबात हात लावू नका. तुम्ही मराठीत लिहिताय, वाचणार सातारा, नगर, डोंबिवलीतली माणसं. "लोबो" दोन अक्षरी आहे, तोंडात बसतं, अर्थ एकदा सांगितला की विसरत नाही. वाचकाला त्या माणसाची जरब जाणवली पाहिजे, स्पॅनिश भाषेचा तास नको. अस्सलपणाच्या मागे लागून कितीतरी चांगल्या कथा मधेच सुकून गेलेल्या बघितल्यात मी.

मास्तर७२
मी असहमत. टोपणनाव लेखकानं ठेवलंय का गावानं ठेवलंय हे वाचकाला भाषा न येताही कळतं. आपल्याकडं एखाद्या कादंबरीत परदेशी लेखकानं कोल्हापूरच्या पैलवानाला "वाघ" म्हणून हाक मारायला लावली तर आपण काय म्हणू? पैलवानाला गाव वाघ म्हणेल ते पेपरात, सत्काराच्या फ्लेक्सवर. तालमीत त्याला बाळ्या, पिंट्या नाहीतर "अण्णा"च म्हणतात. लांडगा, गरुड, वादळ असली नावं माणूस स्वतःला लावून घेतो किंवा दुसऱ्या कुणीतरी कामासाठी चिकटवलेली असतात.

दुसरं म्हणजे स्पॅनिशमधे दोन वेगळे प्रकार आहेत ते आधी सुटे करा. एक म्हणजे नावाचंच घरगुती रूप: फ्रान्सिस्कोचं पाको, होसेचं पेपे, इग्नासियोचं नाचो, दोलोरेसचं लोला, रोसारियोचं चारो, खेसुसचं चुस. दुसरा प्रकार म्हणजे गावानं दिलेलं नाव, त्याला ते "मोते" किंवा "अपोदो" म्हणतात, ते रंगावरनं, व्यंगावरनं, धंद्यावरनं, एखाद्या फजितीवरनं पडतं. चातो म्हणजे नकटा, थुर्दो म्हणजे डावखुरा. ज्यांच्या नावानं स्पॅनिश भाषा मिरवते त्या सेर्वान्तेसना "लेपांतोचा थोटा" म्हणतात, कारण १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत त्यांचा डावा हात निकामी झाला. इतकं सरळ असतं ते! तुमच्या फ्रान्सिस्कोला दोन्ही प्रकारची नावं असणार. घरात एक, खाणीत एक.

निळीशाई
मग सरळ पाको करा ना. फ्रान्सिस्को म्हटलं की पाको, विषय संपला. मी कुठंतरी वाचलं होतं की संत फ्रान्सिसला "पातेर कोमुनितातिस" म्हणजे समाजाचा पिता म्हणायचे त्याची पहिली अक्षरं घेऊन पाको झालं, आणि संत जोसेफ येशूचा मानलेला बाप म्हणून "पी पी", त्यावरून पेपे. किती सुंदर आहे हे, कथेत वापरता येईल!

मास्तर७२
गोष्ट सुंदर आहे पण ती मागाहून जुळवलेली आहे, भाषा अभ्यासणारे ती मान्य करत नाहीत. पेपे हे जुन्या "खोसेपे" रूपाच्या शेवटच्या अक्षरातनं आलंय, लहान पोर जसं अक्षर दुमडून बोलतं तसं. आपल्याकडं काका, मामा, नाना, तात्या हे सगळं बोबडं बोलणं मोठेपणी टिकलेलंच आहे की. कथेत एखाद्या पाद्र्याच्या तोंडी ती गोष्ट घाला हवं तर, पाद्री सांगेलही. पण निवेदकाच्या तोंडी खरी म्हणून घालू नका.

पणजीकर
इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण बरेच जण गोव्यातली नावं ऐकून स्पॅनिश समजून चालतात. आमच्याकडची जुझे, जुवांव, पेद्रू, बोस्त्यांव, कायतान ही पोर्तुगीज नावं कोकणीत मुरलेली. पोर्तुगीजमधे जोसेचं लाडकं नाव "झे", फ्रान्सिस्कोचं "शिकू". पेपे-पाको तिकडं नाही चालत. त्यामुळे ताई, गोव्यातल्या कुणाला विचारून स्पॅनिश नाव उचलू नका.

खरा दुवा आहे तो वेगळाच. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते सेंट फ्रान्सिस झेवियर मुळात स्पेनमधल्या नावारा भागातले, १५०६ साली खावियेरच्या गढीत जन्मलेले. गढीचं ते नाव बास्क भाषेतल्या "नवं घर" या अर्थाच्या शब्दावरून आलंय. म्हणजे आमच्या गल्लीतला झेवियर, माद्रिदमधला खावी आणि बार्सेलोनाचा चावी हे तिघंही एका गढीचं नाव लावून फिरतात. आणि तुमच्या फ्रान्सिस्कोच्या आईनं ३ डिसेंबरला या संताच्या सणाला पोर जन्मलं म्हणून नाव ठेवलं असेल तर त्याचं पूर्ण नाव फ्रान्सिस्को खावियेर असू शकतं, तेव्हा हे बघूनच घ्या.

पावसाळी
मी दोन वर्षं ओविएदोत शिकायला होते म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाको सुद्धा नको!! पाको चुकीचं नाही, पण ते सगळ्या स्पेनचं आहे, आणि तुमची गोष्ट सगळ्या स्पेनमधे घडत नाही, ती एका दरीत घडते. फ्रान्सिस्को हे एकच नाव प्रदेशागणिक किती बदलतं बघा: सेव्हिल्याकडं कुर्रो (तिथला प्रसिद्ध बुलफायटर कुर्रो रोमेरो हा मूळचा फ्रान्सिस्कोच), बास्क भागात पाची, कातालुन्यात सेस्क नाहीतर कीको, गालिसियात फार्रुको, मेक्सिकोत पांचो, आणि आस्तुरियासमधे पाचू किंवा पाचीन. शेवटचा "ऊ" बघा, आस्तुरियन बोलीत पुल्लिंगी नाव "ओ" ऐवजी "ऊ" वर संपतं, आणि लाडाचा प्रत्यय "ईतो" नाही तर "ईन". पेपीन, तोन्यीन, मानोलीन. तिथं सायडर ओतायची पद्धत आहे, बाटली डोक्याच्या वर धरायची आणि ग्लास कमरेशी, आणि तळाशी जो एक घोट पडतो तेवढाच एका दमात प्यायचा, त्या घोटालाही "कुलीन" म्हणतात. म्हणजे ईन तिथं श्वासासारखा आहे.

मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे त्या आजींचे यजमान खाणीतनं रिटायर झालेले. पेन्शनच्या पत्रावर मानुएल, आजी मानोलीन म्हणायच्या, आणि सायडरच्या गुत्त्यात त्यांचे जोडीदार म्हणायचे नोलो. एकदा मी आदरानं "दोन मानुएल", म्हणजे मानुएलराव, म्हटलं तर ते मागं वळून बघायला लागले की कोण आलंय.

आणि लुपिता तर बदलाच. ग्वादालुपे-लुपिता म्हटलं की मेक्सिको डोळ्यापुढं येतं. आस्तुरियासची देवी म्हणजे कोवादोंगाची मारिया, डोंगरातल्या गुहेत तिचं ठाणं, ८ सप्टेंबरला मोठा सण. तिथल्या मुलींचं नाव कोवादोंगा, हाक मारायची कोवा. जसं आपल्याकडं जेजुरीच्या बाजूला खंडू आणि पंढरपूरच्या बाजूला पांडुरंग निघतात ना, तसंच सारागोसाकडं पिलार, बिल्बाओकडं बेगोन्या, कातालुन्यात मोन्तसेरात. नाव वाचूनच गाव कळतं.

वर्धाकाठ
बाप रे, पावसाळी, हे सोनं आहे माझ्यासाठी. लुपिता गेली, कोवा आली. पण फ्रान्सिस्कोचं अडतंय. पाचीन फार गोड वाटतं हो. ज्याच्या हातात डायनामाइट आहे, ज्याला सगळे वचकतात, त्याला पाचीन? मराठी कानाला ते पाचूसारखं, दागिन्यासारखं लागतं.

रोखठोक
हेच तर म्हणतोय मी. अस्सल नाव आणि चालणारं नाव यात फरक असतो. पाचू म्हटलं की मराठी वाचकाला रत्न दिसणार, नाचो म्हटलं की हॉटेलातलं खाणं, पिलारचं पिली म्हटलं की हिंदीतली पिवळी. लेखकानं आपल्या वाचकाचा कान सांभाळायचा का हजारो मैलांवरच्या नोंदवहीचा? आणि दुसरी गोष्ट, मास्तर म्हणतात "एल अमुक" ही नावं खरी नसतात, ते मला पटत नाही. व्हालेन्तिन गोन्सालेस नावाचा कम्युनिस्ट सेनानी स्पेनच्या यादवी युद्धात "एल काम्पेसिनो" म्हणजे शेतकरी म्हणूनच गाजला. आणि लोबोच म्हणाल तर १९७३ ते ७५ मधे एता या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेत घुसलेला सरकारी माणूस मिकेल लेखार्सा, त्याचं नाव "एल लोबो"च होतं. स्पेनच्याच इतिहासातलं आहे हे.

मास्तर७२
उदाहरण उत्तम दिलंत, आभारी आहे, पण ते माझ्याच बाजूनं जातं. लेखार्साला लोबो गल्लीनं म्हटलं नाही, ते गुप्तहेर खात्यानं दिलेलं सांकेतिक नाव होतं. काम्पेसिनो हेही लढाईतलं, भाषणांतलं, पत्रकांतलं नाव. ते नाव खोटं आहे असं मी म्हणतच नाही, मी एवढंच म्हणतोय की ते कुणी दिलं हे लेखिकेला ठाऊक पाहिजे. दोलोरेस इबार्रुरी बघा. बास्क भागातल्या बिस्काइच्या खाणपट्ट्यातल्या गायार्ता गावची, नवरा खाणकामगार. दोलोरेस म्हणजे नियमानं लोला. पण १९१८ साली पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीचा आठवडा) "एल मिनेरो बिस्काइनो" या कामगारांच्या पत्रात लेख द्यायचा होता, तिनं खाली सही केली "पासियोनारिया", त्या आठवड्याला शोभणाऱ्या फुलाचं नाव. तिथून जग तिला ला पासियोनारिया म्हणतं. पुढं १९३६ ला ती आस्तुरियासमधूनच निवडून आली. तर नायकानं स्वतः एखाद्या पत्रकावर "लोबो" सही केली असेल तर ठेवा, मी मान्य करेन. पण मग तो कमी बोलणारा माणूस राहणार नाही, स्वतःला लांडगा म्हणवून घेणारा होईल.

वर्धाकाठ
नाही, तो तसा नाहीच. त्याला लिहिता वाचताही जेमतेम येतं. हे शेवटचं वाक्य अगदी आत जाऊन लागलं सर. गेलं वर्षभर ज्या माणसाबरोबर राहतेय त्याच्या डोक्यावर मी त्याला न पटणारी टोपी घातली होती.

पावसाळी
पाचीन गोड वाटतं म्हणून नको म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा, आणि हा तुमच्या गोष्टीशी थेट जोडलेला आहे. १९१७ मधे ओविएदोला एक चोवीस वर्षांचा मेजर बदलून आला, बुटका, पोरगेला दिसणारा. मेजरला तिथं कोमांदान्ते म्हणतात. शहरानं त्याला "कोमांदान्तीन" म्हणायला सुरवात केली, म्हणजे मेजरुल्या! तो माणूस फ्रान्सिस्को फ्रँको, पुढं स्पेनचा हुकूमशहा झालेला. तिथल्याच मुलीशी १९२३ मधे लग्न केलं. आणि १९३४ मधे माद्रिदच्या युद्ध मंत्रालयात बसून खाणकामगारांचा उठाव मोडायची सूत्रं यानंच हलवली. तेव्हा "ईन" म्हणजे फक्त लाड नाही. त्यात माया असते, टिंगल असते, आणि ज्याला तू म्हटलंस त्यानं पुढं काय केलं हे आठवून अंगावर काटाही येऊ शकतो. शिवाय तुमच्या नायकाचं आणि फ्रँकोचं पाळण्यातलं नाव एकच. हे योगायोगानं झालंय का मुद्दाम?

वर्धाकाठ
योगायोगानं!! मला खरंच लक्षात आलं नव्हतं. थांबा, जरा पाणी पिऊन येते.

बाभळीचीसावली
मला स्पॅनिशमधलं काही कळत नाही पण गावातलं कळतं. आमच्याकडं एकाच आळीत चार दत्तू होते. मग शेवंताचा दत्तू, पाटाकडचा दत्तू, लंगडा दत्तू आणि मिलिटरी दत्तू. हाक मारताना "दत्तू" गळून जायचं, नुसतं "मिलिटरी" राहायचं. त्याच्या लग्नपत्रिकेत कंसात मिलिटरी छापलं होतं, नाहीतर पाव्हण्यांना कळलंच नसतं कुणाचं लग्न आहे. स्पेनमधे असं नसतं का?

पणजीकर
असतं, अगदी हेच असतं. गिटारवादक पाको दे लूसिया, १९४७ चा जन्म, आल्हेसिरास गावचा, खरं नाव फ्रान्सिस्को सान्चेस गोमेस. गल्लीत पाको पुष्कळ, म्हणून आईच्या नावानं ओळख, लूसियाचा पाको. तेच नाव घेऊन तो जगभर वाजवत फिरला. तुमचा शेवंताचा दत्तू आणि तो एकाच पद्धतीनं घडलेत. आणि त्याचा जोडीदार गायक कामारोन दे ला इस्ला, नाव होसे, गोरा आणि काटकुळा म्हणून काकानं कामारोन म्हणजे कोळंबी म्हटलं, तेच चिकटलं. गोव्यात पण गोऱ्या पोराला सुंगट म्हणालेलं मी ऐकलंय त्यामुळे हे वाचून फार जवळचं वाटलं होतं.

चेंडूवेडा
अहो एवढा वेळ सगळे बोलताय आणि आस्तुरियासच्या खाणपट्ट्यातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं टोपणनाव कुणाच्याच तोंडी नाही? दाविद वीया! २०१० चा वर्ल्डकप जिंकला स्पेननं तेव्हा पाच गोल त्याचे, स्पेनच्या पुरुष संघासाठी ५९ गोल, तो लांग्रेओच्या तुइया गावचा, बाप खाणकामगार. त्याला म्हणतात "एल ग्वाहे". लहानपणी मोठ्या पोरांत खेळायचा म्हणून.

पावसाळी
अरे हो!! हे मी कसं विसरले. वर्धाकाठ ताई, हे नीट ऐका. ग्वाहे म्हणजे आस्तुरियन बोलीत पोरगा, पोऱ्या. पण खाणीत त्याला वेगळा अर्थ आहे. कोळसा फोडणाऱ्याच्या हाताखाली जो मदतनीस पोऱ्या असतो, हत्यारं आणून देणारा, कोळसा मागं ओढणारा, लाकडं पुढं करणारा, तो ग्वाहे. ते हुद्द्याचं नाव आहे. आमचे घरमालक आजोबा सांगायचे की "मी अमक्याचा ग्वाहे होतो", आपण म्हणतो ना अमक्या वस्तादाचा चेला, तसंच. तुमचा फ्रान्सिस्को चौदाव्या वर्षी उतरला म्हणालात. तो ग्वाहे म्हणूनच उतरला असणार, दुसरं काही असूच शकत नाही.

पण एक लक्षात ठेवा, हा शब्द तिथलाच आहे. मेक्सिकोत ग्वाहे म्हणजे एक शेंगांचं झाड, तुंब्यालाही ग्वाहे म्हणतात. ओआहाका शहराचं नाव त्याच झाडावरून पडलंय. तिथं "स्वतःला ग्वाहे करून घेणं" म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणं. शब्द तोच, मुलूख बदलला की माणूस बदलतो.

वर्धाकाठ
मला दोन मिनिटं काही सुचलं नाही हे वाचून. सांगते का ते.

बाबांच्या खाणीत एक काका होते, छत्तीसगडकडचे. त्यांना सगळे छोटू म्हणायचे. माझे बाबा, त्यांचे साहेब, कँटीनवाला, सगळे. मी लहान होते तेव्हाच त्यांचे केस पांढरे झालेले. पिलरजवळ छताला लाकडी आधार लावायचं काम करायचे आणि बाबा सांगायचे की छोटूनं छताला लाकडी दांडका वाजवून आवाज ऐकला आणि "हां" म्हटलं की मगच आम्ही पुढं जायचो, त्यानं मान हलवली की मॅनेजर आला तरी कुणी पाय टाकायचं नाही. सगळ्या शिफ्टमधे ज्याच्या शब्दाला सर्वात जास्त वजन त्याचं नाव छोटू. ते सोळाव्या वर्षी आले होते म्हणून ते नाव पडलं, आणि त्यांना छोटू म्हणणारे एकेक करून रिटायर झाले, काही गेले, नाव राहिलं. रिटायरमेंटच्या कार्यक्रमात माईकवरून त्यांचं खरं नाव पुकारलं तर ते उठलेच नाहीत, बाबांनी कोपरानं ढोसलं.

मी जरब हवी म्हणून लांडगा शोधत बसले आणि जरब छोटूमधे होती.

रोखठोक
ताई, प्रसंग वाचून मी पण थोडा थांबलो, खोटं बोलणार नाही. पण माझी शंका उरतेच आणि ती मांडतो. एक, फुटबॉल बघणाऱ्या वाचकाला ग्वाहे म्हटलं की वीया दिसणार, १९३४ चा कामगार दिसणार नाही. दोन, "ग्वाहे" वाचायचं कसं? ग्वा-हे? मराठीत हा ध्वनीच नाही, आपल्याला लगेच "ग्वाही" आठवतं. तीन, पोऱ्या हा अर्थ तुम्हाला कुठंतरी सांगावा लागणार, आणि सांगितलं की तळटीप आली, तळटीप आली की गोष्ट थांबली.

मास्तर७२
तळटीप कशाला? पहिल्या पानावर चाळिशीचा माणूस खाली उतरतोय, मागून कुणीतरी ओरडतं "ए ग्वाहे", आणि त्याच क्षणी एक चौदा वर्षांचा खराखुरा पोऱ्या आणि हा, दोघंही वळून बघतात. झालं, अर्थ कळला. एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वीयाबद्दल म्हणाल तर तो शब्द त्याच्या आधी शेकडो पोरांनी खाणीत वापरलाय, त्याच्यामुळे तो त्याच्या मालकीचा होत नाही. उलट ज्याला वीया माहीत आहे त्याला कळेल की हे नाव कुठल्या मातीतलं आहे.

निळीशाई
आपल्याकडं टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं, "बाळ" हे घरचं लाडाचं नाव, आणि तेच इतिहासात राहिलं. मंडालेच्या तुरुंगातही बाळच. त्यामुळे मोठ्या माणसाला लहानपणाचं नाव चिकटून राहणं मराठी वाचकाला अजिबात परकं नाही. रोखठोक, तुम्ही वाचकाला कमी लेखताय असं मला वाटतं.

रोखठोक
कमी लेखत नाहीये, त्याची बाजू घेतोय. तुमच्यापैकी बहुतेकांना परदेशी नावांची सवय आहे. माझी आई वाचते भरपूर पण अवघड नाव आलं की त्याजागी मनात "तो फ" "तो ग" असं म्हणत पुढं जाते. तिच्यासारख्यांसाठी बोलतोय. बाकी बाळचं उदाहरण चपखल आहे, ते मान्य.

पावसाळी
उच्चाराचं सांगते. कास्तिलियन स्पॅनिशमधे जो "ख" सारखा घशातला आवाज आहे, होसेला काहीजण खोसे लिहितात तो, तो आस्तुरियन बोलीत इथे मऊ होऊन "ह" होतो. म्हणून ग्वाहे हेच बरोबर, ग्वाखे नको. आणि तोंडानं बोलताना शेवट पटकन तोडतात, त्यामुळे मराठी वाचकानं "ग्वाऽहे" वाचलं तरी फारसं बिघडत नाही. रोखठोक यांच्या आईंनाही दोनदा वाचल्यावर जमेल असं मला मनापासून वाटतं.

आणि सगळीकडे तेच नाव वापरू नका. आई पाचीन म्हणेल. कामगार ग्वाहे. बायको भांडताना पूर्ण फ्रान्सिस्को. दिवेघरात दिवा घेताना तर नावच नाही, पितळी बिल्ल्यावरचा नंबर.

मास्तर७२
आणि उठावानंतर पकडलेल्यांच्या कागदांवर? सिव्हिल गार्ड, म्हणजे तिथले पोलीस, पूर्ण नाव लिहिणार, दोन्ही आडनावांसकट, बापाचं आणि आईचं, आणि पुढं उर्फ करून एल ग्वाहे. आपल्या पोलीस डायरीत जसं "बाळ्या उर्फ" असतं तसंच. लाडाचं नाव सरकारी कागदावर उर्फ म्हणून चढतं तेव्हा त्याचा सगळा ओलावा जातो. हा प्रसंग तुमच्या कथेत हवाच ताई.

बाभळीचीसावली
सर, हे वाचून पोटात कालवलं. आमच्या मिलिटरी दत्तूचं मृत्यूपत्रकावर दत्तात्रय लिहिलेलं बघून आळीतल्या म्हाताऱ्या म्हणत होत्या हा कोण मेला.

चेंडूवेडा
अवांतर: ताई, मुलीचं नाव कोवा ठेवताय पण बाप जर कडवा अराजकवादी असेल तर तो मुलीला देवीचं नाव ठेवेल का? तेव्हा अशा घरांत लिबेर्ताद, आउरोरा, हेर्मिनाल असली नावं ठेवायचे आणि फ्रँकोची राजवट आल्यावर ती बदलायला लागली. बास्क आणि कातालान नावांवर पण बंदी होती, ती नावं कायद्यानं परत मिळाली १९७७ मधे.

वर्धाकाठ
चांगला प्रश्न. माझा फ्रान्सिस्को अराजकवादी नाही, युनियनचा साधा सभासद आहे, आणि नाव त्याच्या बायकोनं ठेवलंय, ती कोवादोंगाला पायी जाऊन आलेली आहे. तो बाप्तिस्म्याला चर्चच्या बाहेर उभा राहिला पण मुलीला हाक मारताना कोवाच म्हणतो. म्हणजे हे भांडण पण नावातच आलं, मला वेगळं लिहायला नको.

काल रात्री पहिलं पान पुन्हा लिहिलं. मास्तरांचा प्रसंग घेतलाय, परवानगी गृहीत धरलीय. तुकडा देते, मोकळेपणानं सांगा:

"खाणीत उतरणारा पाळणा हलला तसा वरून कुणीतरी ओरडलं, ग्वाहे! दोघांनी मान वर केली. एक चौदाचा, दिवा दोन्ही हातांनी धरलेला. दुसरा एकोणचाळीसचा, मिशीत कोळसा. वरच्यानं डबा फेकला तो मोठ्यानं झेलला. तुझा नाही, माझा आहे, तो पोराला म्हणाला. बायको अजून मला उपाशी समजते. पोरगं हसलं नाही. पाळणा खाली जात होता आणि त्याचं लक्ष माणसाच्या डाव्या हाताकडं होतं, जिथं दोन बोटं नव्हती."

रोखठोक
हे चांगलं आहे. नावाबद्दल माझं मत तेच आहे, मला लोबोच जास्त लक्षात राहिला असता, पण या तुकड्यात ग्वाहे अडत नाही हे कबूल करतो. एकच सांगतो, सुरुंगवाल्याची दोन बोटं गेलेली असतील तर गाव त्याला "मान्को" म्हणजे थोटा पण म्हणेल. मास्तरांच्याच सेर्वान्तेसच्या न्यायानं. मग ग्वाहेच का टिकलं आणि मान्को का नाही, याचं उत्तर तुमच्याकडं आहे का?

वर्धाकाठ
आहे. बोटं गेली त्या स्फोटात त्याचा वस्ताद गेला, ज्याचा तो ग्वाहे होता. त्याच्यासमोर कुणी मान्को म्हणत नाही. एकदाच एक जण म्हणाला होता, तो प्रकरण चारमधे आहे.

पावसाळी
मग प्रकरण चार कधी टाकताय? आणि वस्तादाचं नाव काय ठेवलंय? कृपा करून पेद्रो ठेवू नका, तिथल्या बोलीत पेद्रू होतो, आणि मग पणजीकर म्हणतील हा आमचाच.

पणजीकर
म्हणणारच! :) पण खरंच, पेद्रू दोन्हीकडं चालतो. ठेवा खुशाल.